कसरीनं खाल्लेला शब्द

म्हसळ्यातल्या रतनशी शेठच्या दुकानावर माडी होती. १९५६ सालच्या कार्तिकात बाळाजी मास्तर तिथं रोज पोथी उतरवायला बसत. पोथी सातशे वर्षांपूर्वीच्या एका जैन आचार्यांची. कुठल्याही वस्तूबद्दल सात परींनी बोलता येतं, असं त्यांचं म्हणणं. एका परीनं घडा आहे. एका परीनं नाही. आहे आणि नाही. सांगता येत नाही... मास्तर गणित शिकवणारे. त्यांना हे सगळं रिकामपणाचं वाटे.

पुढच्या पानावर हीच वाक्यं पुन्हा होती, पण वस्तूचं नाव कसरीनं खाऊन तिथं भोक पडलं होतं. शेठनं बजावलं होतं, "अक्षर गेलं असेल तिथं जागा कोरी सोडा, मास्तर. पदरचा शब्द घालू नका."

सकाळीच बायकोनं टोमणा मारला होता, "पोथीतल्या घड्यानं तहान भागत न्हाय. आधी इहिरीवरनं पानी आना!" त्याची फेड म्हणून मास्तरांनी गालात हसत लिहिलं, 'एका परीनं मनुबाई आहे.' लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव त्यांनी कधी तोंडानं घेतलं नव्हतं.

जिन्यावर बांगड्या वाजल्या. मनुबाईनं भाकरीचं गाठोडं ठेवलं. "गरम हाय तवर खावा."

"एवढं वाक्य संपवतो." त्यांनी बोरू बुडवला. 'एका परीनं मनुबाई नाही.'

जिना उतरल्याचा आवाज आला नाही. मास्तरांनी मान वर केली. कुणीच नव्हतं. खाली शेठ म्हणाला, सकाळपासून वर कुणी गेलंच नाही.

मास्तर धावतच घरी गेले. शेजारची गोदूबाई अंगणात भात वाळवत होती.

"आमच्या घरातली कुठाय?"

"घरातली?" ती टकमक बघत राहिली. "मास्तर, तुमचं लगीन कवा झालं?"

दोरीवर एकही लुगडं नव्हतं. चुलीपाशी एकच ताट होतं.

ते माडीवर परतले. निदान अर्धी तरी परत यावी म्हणून तिसरं वाक्य लिहिलं, 'आहे आणि नाही.'

अगदी पाठीशी बांगड्या वाजल्या.

वळून बघितलं. भिंत होती.

'सांगता येत नाही' हे चौथं वाक्य लिहायचं नाही, असं ठरवून त्यांनी बोरू मोडला. मूळ पान उचललं. भोक बुजलं होतं. तिथं जुन्या, विटक्या शाईत तिचं नाव होतं.

शेठ मागून डोकावला. "हे तर पहिल्यापासून असंच आहे. कोण हो ही मनुबाई?"

मास्तरांनी पान खाली ठेवलं.

बैठकीपाशी भाकरीचं गाठोडं होतं, अजून गरम. ते कुणी बांधलं, हे त्यांना सांगता येईना.