करवतीचं दुसरं टोक

सात झाडं पडली होती, एवढंच काम. हेरन लेककडे चढणाऱ्या पायवाटेवर जूनच्या वादळात सात टमरॅक आडवे झाले होते. ते कापून वाट मोकळी करायची होती. आयडाहोच्या या डोंगरात सत्तावीस उन्हाळे मी हेच करत आले. त्यात भिण्यासारखं काही नाही, असं त्या सकाळपर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं.

आमच्या पार्कची प्रमुख टेस ब्रॅन्सन. वय चौतीस, मनाने चांगली, पण नकाशा आणि पेन्सिल हातात आली की तिला दयामाया उरत नाही.

"जोरीन, उद्या आठला मी वर येऊन बघणार. वाट मोकळी नसेल तर हेरन लेकची पायवाट नकाशातून गेली म्हणून समजा. दोन वर्षांत कोणी पाय ठेवलेला नाही तिथे."

"ठेवू दिलास तर ठेवतील ना!"

"मी कुठे अडवलंय? आपलीच माणसं जात नाहीत. म्हणतात, संध्याकाळी वर करवत चालल्याचा आवाज येतो."

"सुतारपक्षी असेल."

"पक्षी दोघांच्या लयीत लाकूड कापत नाहीत, जोरीन." मग ती जरा नरमली. "तुम्ही एकट्या जाऊ नका हो. एकसष्ट वर्षांच्या आहात."

"वय मला पाठ आहे. तू तुझी पेन्सिल खाली ठेव."

तिने ज्याचं नाव घेतलं नाही, तो वेन्डेल. दोन मुठींच्या लांब करवतीचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. नवरे मी दोन केले नि दोन सोडले. करवतीवरचा जोडीदार मात्र एकच. दोन वर्षांपूर्वी, अशाच ऑगस्टात, याच वाटेवर संध्याकाळी सात वाजता आमचं काम संपलं होतं. तो म्हणाला, "अजून एकच, जोरीन. मग घर." ते झाड वाकून ताणलेलं होतं. मला ते बरं दिसत नव्हतं, पण मी गप्प बसले. निम्मं कापलं गेल्यावर खोड उसळलं आणि त्याच्या छातीत बसलं. तो तिथेच गेला.

त्याची ती वाट. भुताटकीची म्हणून कोणी ती पुसून टाकावी, हे मी जिवंत असेपर्यंत होणार नव्हतं.

दुपारपर्यंत इंजिनाच्या करवतीने चार झाडं कापली. एक वाजता इंजिन बंद केलं. वणव्याच्या दिवसांत एकनंतर यंत्र चालवायचं नाही, एक ठिणगी पुरते. दरीपलीकडे कुठेतरी जंगल जळतच होतं. धुराने सूर्य तांबडा झाला होता आणि घशाला राखेची चव येत होती. उरलेली तीन झाडं हाताने कापायची. मी लांब करवत खांद्यावरून उतरवली, तिच्या मुठी बसवल्या, नट आवळले आणि कामाला लागले.

तिथेच चूक झाली. एकटीने कापायचं तर पलीकडची मूठ बसवायची नसते. सत्तावीस वर्षांच्या सवयीने मी दोन्ही बसवल्या होत्या.

पाचवं झाड लोण्यासारखं कापलं गेलं. मला वाटलं, धार छान लागलीय. सहाव्यावर हात चालवताना लक्षात आलं की मी फक्त ओढतेय. दोघांच्या करवतीचा नियमच तो: आपण ओढायचं, ढकलायचं कधीच नाही, समोरचा ओढेल तेव्हा हात सैल सोडायचा. माझे हात सैल सुटत होते... आणि करवत पलीकडे जात होती.

खोड कमरेएवढं जाड, पलीकडे झुडपं. मी मान उंच करून पाहिलं. कोणी नव्हतं. वीस ओढी झाल्या आणि करवत क्षणभर थांबली. वीस झाल्या की वेन्डेल थांबायचा, पँटचा पट्टा वर ओढायचा. धुरातून त्याच्या पुदिन्याच्या तंबाखूचा वास आला.

खरं सांगते, पळावंसं वाटलं. पण एक झाड बाकी होतं आणि उजेड चालला होता. मी मोठ्याने म्हटलं, "आलाच आहेस तर काम कर. फुकट घाबरवू नकोस."

सातवं झाड आम्ही कापलं. 'आम्ही' म्हणते, कारण एकटीचं ते काम नव्हतं. शेवटची ओढ बसली, खोड दोन तुकड्यांत खाली गेलं. वाट मोकळी झाली. घड्याळात सात वाजले होते.

करवत मात्र थांबली नाही. कापायला काही नसताना ती हवेत तशीच ताणलेली राहिली, आणि मला वाटेवरून वर ओढू लागली. वीस पावलांवर एक वाळलेला टमरॅक दुसऱ्या झाडावर रेलून अडकला होता. हात लावला तर कुठल्या बाजूला येईल, सांगता येत नाही असा. आणि तो आमच्या वाटेत नव्हताच.

जोडीदाराला न सांगता मूठ सोडायची नसते. 'सोडतेय' म्हणायचं आणि समोरून 'सोड' आलं की मगच सोडायचं, नाहीतर समोरचा उताणा पडतो. बोटं त्या नियमाला चिकटून बसली होती.

"सोडतेय!" मी ओरडले.

पलीकडून 'सोड' आलं नाही. मग, अगदी हळू...

"अजून एकच, जोरीन..."

"नाही!" माझा आवाज कड्यावर आपटून परत आला. "त्या दिवशी गप्प बसले, त्याची लाज मला रोज वाटते. आज नाही गप्प बसणार. वाट तुझीही आहे, ती मी राखीन. पण ते झाड मी कापणार नाही. समजलं?"

पुन्हा हिसका बसला, आधीपेक्षा जोराचा. माझे बूट मातीत घसरले. तेव्हा मी एक हात आपल्या मुठीवर ठेवला, दुसरा पात्याच्या पाठीवर, आणि तो चाचपत, हात पुरेल तेवढा ताणत पलीकडे नेला. प्रत्येक वितीगणिक गारवा वाढत होता, पुदिन्याचा वास दाटत होता. शेवटी दुसऱ्या टोकाला हात लागला. माझ्या तळव्याखाली लाकडाची मूठ नव्हती. मुठीवरचा हात होता.

मी हात काढला नाही. त्या बोटांच्या मधून नट शोधला आणि फिरवत राहिले. एक आटा... दोन... माझी नखं तुटली. नट निघाला, मूठ माझ्या हातात आली, करवत झणकारत खाली पडली. मूठ खिशात घातली, करवत खांद्यावर घेतली, आणि चालत खाली उतरले. पळाले नाही. मागे मात्र एकदाही पाहिलं नाही.

सकाळी आठला टेस वर आली. पाचव्या झाडापाशी वाकून तिने भुसा उचलला. एकट्याच्या करवतीखाली बारीक भुसा पडतो. दोघांची लय जमली की शेवयांसारख्या लांब पट्ट्या निघतात. तिच्या मुठीत शेवया होत्या.

"जोरीन... दुसऱ्या टोकाला कोण होतं?"

"वाट मोकळी आहे की नाही, ते बोल."

"आहे."

"मग नकाशात ठेव."

तिने ठेवली. पण तेवढ्यात तिचं लक्ष वर गेलं. रेललेल्या टमरॅकला निम्म्यापर्यंत ताजी खाच पडली होती, आणि खाली शेवयांचा ढीग होता. आमची करवत रात्रभर माझ्या स्वयंपाकघरात टेबलावर होती.

त्याला आता तीन वर्षं झाली. शनिवारी त्या वाटेने पोरंबाळं तळ्यावर पोहायला जातात, आणि मला फार बरं वाटतं. ती मूठ मी दाराजवळ खुंटीला टांगलीय. ऑगस्टात संध्याकाळी सातच्या सुमारास ती घामाने ओली होते. मी फडक्याने पुसते.

काल मात्र खुंटी रिकामी होती. मूठ टेबलावरच्या करवतीच्या दुसऱ्या टोकाला बसवलेली होती, नट हाताने सुटेना इतका घट्ट. पाना आणून काढली आणि परत टांगली. यंदा त्या वाटेवर पाच झाडं पडलीत. उद्या वर जायचंय.