चिकटलेली पानं

छत्री उलटी झाली नसती, तर तेजश्री त्या दुकानात शिरलीच नसती.

आश्विन अर्धा सरला होता, तरी पाऊस महाड सोडायचं नाव घेत नव्हता. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर वाऱ्याने छत्रीचा पार द्रोण करून टाकला आणि पोलादपूरची एसटी सुटायला अजून तासभर होता. समोर एक अरुंद गाळा दिसला. पाटीबिटी काही नव्हती. आत जुन्या पुस्तकांच्या चळती होत्या, आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर बसलेला एक तरुण बांबूच्या चपट्या कामटीने मांडीवरच्या पुस्तकाची पानं एकमेकांपासून सोडवत होता.

“छत्री बाहेर ठेवा,” तो मान वर न करता म्हणाला. “इथल्या पुस्तकांनी आयुष्यभराचं पाणी पिऊन घेतलंय.”

“आणि माणूस? माणूस आत आला तर चालेल?”

आता त्याने वर पाहिलं. तिच्या वेणीतून पाणी गळत होतं, ओढणी खांद्याला चिकटली होती. तो क्षणभर पाहतच राहिला, मग घाईने कामटीकडे वळला.

“माणूस चालेल. फक्त तिथे गळू नका… ती इतिहासाची आहेत.”

तेजश्री हसली. तिला हसून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे तिचं तिलाच नवल वाटलं.

पोलादपूरच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान होतं, तिथे ती कामाला होती, आणि राहायची वर डोंगरातल्या वाडीत. वाडीत तिला कुणी फारसं विचारत नसे; पण मोबाइलवर अकरा हजार माणसं तिला ओळखत. ‘डोंगरावरची पुस्तकं’ हे तिचं पान. दर महिन्याला नव्या पुस्तकांची चळत ती सुपात मांडायची, नाहीतर भाताच्या पेंढ्यांच्या उडवीवर, आणि एकेक हातात धरून दाखवायची. आठवड्याला एकाचं परीक्षण लिहायची. प्रकाशक आपणहून पार्सलं धाडायचे. कुरिअरवाला डोंगर चढत नसे, म्हणून ती पार्सलं फॉर्मच्या दुकानात यायची आणि तिथून तिच्या पाठीवरून वाडीत जायची.

एकच गोष्ट त्या अकरा हजारांना ठाऊक नव्हती. गेल्या अकरा महिन्यांत तेजश्रीने एकही पुस्तक पुरं वाचलं नव्हतं.

पाठीमागचा मजकूर, पहिली वीसेक पानं, बाकी इकडून तिकडून गोळा केलेलं. एवढ्यावर परीक्षण उभं राहायचं. खाली एक ठरलेलं वाक्य: ‘शेवट मनाला चटका लावून जातो.’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला बसतं, आणि कुणी तिला कधी पकडलं नव्हतं. लबाडी कळत नव्हती असं नाही. पण चळत मांडणं थांबवलं, तर आपलं वाचणं खरंच मेलं हे कबूल करावं लागलं असतं. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती.

गाळ्याच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. आतली पुस्तकं फुगलेली, कडांवर मातकट रेघ ओढल्यासारखी.

“ही कसली?”

“पुरातली. सावित्री नदी इथवर आली होती.” त्याने हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. “एकेक धुऊन, दोरीवर वाळवून ठेवलंय. ही मी विकत नाही. न्यायची, वाचायची, परत आणायची. पानं चिकटलेली आहेत. वाचणाऱ्याने कामटीने सोडवत जायचं, म्हणजे पुढच्याला वाट मोकळी.”

“आणि घाईत फाटलं तर?”

“घाई असलेली माणसं या कपाटाकडे येत नाहीत.” त्याने वही उघडली. “नाव काय लिहू?”

“तेजश्री. आणि तुमचं?”

“हैबती.”

तिने ओठ दाबले, पण हसू फुटलंच. “खरंच?”

“आजोबा गेले त्याच वर्षी मी जन्मलो. घरच्यांनी नाव वाया जाऊ दिलं नाही.”

तिने सगळ्यात केविलवाणं पुस्तक उचललं. मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत.

“याचं नाव काय?”

“गेलं वाहून. लेखकही गेला. तुम्हीच वाचून सांगा आता.” आणि त्याने एक कामटी तिच्या हातात दिली. देताना बोटं एकमेकांना लागली. कामटी होतीच केवढीशी!

घरी तिने पुस्तक उघडलं. खाडीवर होडी चालवणारा एक नावाडी आणि रोज पलीकडच्या दवाखान्यात जाणारी नर्सबाई यांची गोष्ट होती. बाविसाव्या पानापुढे पानं चिकटलेली होती. कामटी हातात होती, पण हात काही उठला नाही. नेहमीसारखं तिने पुस्तक मिटलं. मग वाडीवरच्या त्या एका कातळावर जाऊन, जिथे रेंज मिळते तिथे, तिने पुस्तकाचा फोटो टाकला. ‘नाव हरवलेलं एक पुस्तक… शेवट मनाला चटका लावून जातो.’

पुढच्या रविवारी ती पुस्तक परत करायला महाडला गेली. कपाळावरची बट तिने दुकानाच्या दारात दोनदा सारखी केली. कशाला, ते तिलाच ठाऊक.

हैबतीने पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. पहिली काही पानं फडफडली आणि पुढचा गठ्ठा विटेसारखा अख्खा राहिला.

“नावावरून मोबाइलवरचं तुमचं पान शोधून वाचलं मी,” तो हळू म्हणाला. “शेवट चटका लावतो म्हणे.”

“हो… म्हणजे…”

“हे पुस्तक पुरानंतर बाविसाव्या पानापुढे कुणी उघडलेलंच नाही.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

“तुम्ही कोण मोठे तपासनीस लागून गेलात?” ती फणकारली. “दोन पुस्तकं वाळवली म्हणजे साऱ्या जगाची परीक्षा घ्यायची?”

“मी फक्त—”

पण ती रस्त्यावर उतरली होती. छत्री दुकानातच राहिली.

घरी पोचली तेव्हा तिचे बाबा भागोजी भिजल्या भाताच्या पेंढ्या चुलीच्या उबेला मांडत होते. कापलेल्या पिकावर पाऊस पडला होता. निम्मं भात शेतातच उगवून आलं होतं.

“पुस्तकं आनतीस गो पोत्यानं,” ते म्हणाले, “पन घरात तुजा आवाज नाय. तुजी आय गेली, तवापासनं तू बी मुकी झालीस. सुनं सुनं वाटतं मला.”

ती भिंतीकडे तोंड करून रडली. बाबांनी पेंढी उलटी केली आणि तिला रडू दिलं.

तिसऱ्या रविवारी ती पुन्हा त्या दारात उभी होती. छत्री खिळ्याला टांगलेली होती. तिची उलटी झालेली काडी कुणीतरी तारेने बांधून सरळ केली होती.

“बसा,” हैबती म्हणाला. “रागावलेल्या माणसाला स्टूल मिळतं. मी खोक्यावर बसतो.”

“रागावले नाही… लाज वाटली.” ती बसली. बाहेरच्या पाण्याकडे बघत तिने सगळं सांगितलं. आईचं नाव तुळजाबाई. तिला अक्षरओळख नव्हती. शाळेत असल्यापासून तेजश्री तिला मोठ्याने वाचून दाखवायची. आई तांदूळ निवडायची आणि ऐकायची. मध्येच हात थांबवून भांडायची, ‘असा कसा गो तो बाप्या, बायकोला टाकून गेला?’ पान संपून तेजश्री दम घ्यायला थांबली, की आईचा एक शब्द ठरलेला. पुढं?

“गेल्या कार्तिकात ताप आला आणि चार दिवसांत गेली. आता मनातल्या मनात वाचायला बसते मी. वीस-बावीस पानं होतात आणि वाटतं, कुणासाठी वाचतेय? कुणी ‘पुढं’ म्हणत नाही हो…”

‘वेळ गेला की बरं वाटेल’ असलं काही हैबती बोलला असता, तर ती बहुधा उठून गेली असती. त्याने ते बिननावाचं पुस्तक कपाटातून काढलं, खोकं तिच्या स्टुलाजवळ ओढलं, बाविसाव्या पानामागे कामटी सरकवली आणि तांदळाच्या पापडासारखं ते पान अलगद सोडवलं.

“मी सोडवतो. तुम्ही वाचा. मोठ्याने.”

“इथे? गिऱ्हाईक आलं तर?”

“या पावसात? आलंच तर तेही ऐकेल. बाहेर उभं राहून काय करणार?”

तिने वाचायला सुरुवात केली. आवाज फाटत होता. दोन ओळींनंतर घसा दाटला, ती थांबली, डोळे पुसले, पुन्हा वाचू लागली. दोन पानांना पाव तास लागला. पान संपलं आणि ती गप्प झाली.

“पुढं?” हैबती म्हणाला.

त्याने मुद्दाम म्हटलं की आपसूक तोंडून आलं, हे तिने कधी विचारलं नाही. त्या दिवशी ती एकेचाळिसाव्या पानापर्यंत पोचली.

मग रविवार ठरूनच गेले. तो सोडवायचा आणि ती वाचायची. तो सोडवील त्याहून वेगाने वाचता येत नसे, आणि कधीकधी तो उगाचच हळू सोडवतोय असा तिला संशय येई.

“एवढं चिकटलंय का हे पान?”

“फार चिकट आहे. बघा ना…”

“मला तर सुटलेलं दिसतंय.”

“तुम्हाला घाई आहे का?”

“नाही,” ती म्हणे, आणि पुस्तकात मान घाले. कधीतरी त्याचं ‘तुम्ही’ गळून ‘तू’ झालं, तिचंही झालं.

दिवाळीनंतर तिने कातळावर बसून एक मजकूर टाकला. ‘या महिन्यात चळत नाही. अकरा महिने मी न वाचता लिहीत होते. माफ करा.’ तीन-चार हजार माणसं निघून गेली. काही जण जाता जाता वाट्टेल ते बोलून गेले. पार्सलं बंद झाली. तिला वाईट वाटलं, नाही कसं. फॉर्मच्या दुकानातल्या टेबलावरची पार्सलांची रिकामी जागा रोज डोळ्यांत खुपायची. पण घरी ती आता बाबांना वाचून दाखवू लागली होती. बाबा ऐकता ऐकता झोपत, ही गोष्ट निराळी.

मार्गशीर्ष लागला तेव्हा हैबतीने ते सांगितलं. गाळ्याचा मालक जुनं बांधकाम पाडणार होता. नवा गाळा उंच जोत्यावर, पुराच्या पातळीच्या वर बांधायचा होता. तोवर दुकान बंद. भिवंडीला हैबतीचा भाऊ होता, त्याने तिथल्या गोदामात त्याच्यासाठी काम बघून ठेवलं होतं.

“कसलं गोदाम?”

“पुस्तकांचंच आहे. मागणी येते तशी पार्सलं बांधायची.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “तुझ्या पुढच्या चळतीला माझ्याच हातची चिकटपट्टी असेल.”

“मला पार्सलं येत नाहीत आता.”

ती मान खाली घालून छत्रीच्या तारेशी चाळा करत राहिली. महाड ओलांडून दासगावच्या पुढे रस्ता मुंबईकडे धावतो आणि वाडीतली निम्मी माणसं त्या रस्त्याने गेलेली आहेत, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. सणाला येतात. मग येत नाहीत.

शेवटच्या रविवारी मळभ होतं, पाऊस नव्हता. कपाट रिकामं झालं होतं, पुस्तकं खोक्यांत गेली होती. एक स्टूल, एक खोकं आणि ते बिननावाचं पुस्तक एवढंच उरलं होतं. गोष्टीतल्या खाडीवर आता पूल बांधून झाला होता आणि होडीचा शेवटचा दिवस होता. तेजश्री वाचत होती, “नर्सबाई धक्क्यावर आली. नावाड्याने अजून दोर सोडला नव्हता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली—”

पान संपलं. हैबतीने पुढच्या पानाखाली कामटी सरकवली. या खेपेला तो खरोखरच हळू सोडवत होता.

पान कोरं निघालं. शाई पुराच्या पाण्याने धुऊन नेली होती. कागदावर गाळाचा पिवळट डाग तेवढा राहिला होता. त्याने पाहिलं, तिनेही पाहिलं. शेवट कुणाला चटका लावणारा होता की नव्हता, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

तेजश्रीने पुस्तक जवळ ओढलं आणि वाचायला लागली.

“ती म्हणाली… काम मला या काठालाही मिळालं असतं. पण मी रोज या होडीसाठी येत होते. तुझ्यासाठी येत होते. तू जातोयस ते मला मुळीच आवडलेलं नाही. तरी जाऊ नको, असं मी म्हणणार नाही… पोटासाठी सगळेच जातात. फक्त न सांगता राहिलं असतं, तर पुन्हा घशात अडकलं असतं. म्हणून सांगते. माझं प्रेम आहे तुझ्यावर.”

तिचं बोट त्या डागावरून ओळीओळीने सरकत होतं. हैबतीने मान वर केली नाही. पान त्यानेच सोडवलं होतं, त्यावर काय आहे नि काय नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

“पुढं?” तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

“पुढचं तू सोडव.”

त्याने शेवटचं पान सोडवलं. तेही कोरं होतं. त्याने पुस्तक आपल्या मांडीवर घेतलं.

“हे मी वाचतो,” तो म्हणाला. त्याने आजवर कुणाला मोठ्याने वाचून दाखवलं नव्हतं; पहिलीतल्या पोरासारखा तो अडखळत होता. “नावाडी म्हणाला… कुणी उतारू नसले, तरी मी होडी तुझ्याच काठाला लावत होतो. तुला ते कधी कळलं नाही. मग… मग तो गेला. काम होतं तिकडे गेला. आणि शिमग्याला, पालखी नाचायच्या आदल्या दिवशी, तो परत आला.”

तेजश्रीचे डोळे भरून आले होते. कोरं पानही तिला नीट दिसत नव्हतं.

“असं लिहिलंय?”

हैबतीने पुस्तक दारातल्या उजेडाकडे धरलं आणि डोळे बारीक केले.

“पुसट आहे,” तो म्हणाला. “पण वाचता येतंय.”