फोमच्या हत्तीचं उड्डाण

"इंदू, दोऱ्याला काजळ फास. दोरा दिसला की हत्ती मेला!"

नवऱ्याला, ज्योतीरामला, जाऊन वर्षं लोटली, तरी काजळाची डबी उघडली की इंदुताईंच्या कानात हेच वाक्य. चिंचवडच्या एका कंपनीत तो टूलरूमला होता. सुट्टीच्या दिवशी मित्र जमवून त्यानं एक सिनेमा काढला, ढगात राहायला गेलेल्या हत्तीचा. ढग पिंजाऱ्याकडच्या कापसाचे, चंद्र म्हणजे इंदुताईंची परात, हत्ती गादीच्या फोमचा. गणपतीत चादरीवर दाखवला तेव्हा पोरं लोळून हसली. पुढे कुणी त्याचं नावही घेतलं नाही.

आता रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तो पुन्हा लागणार होता. पण रिळातलं शेवटचं उड्डाण बुरशीनं खाल्लेलं. ते पुन्हा घेतलं नाही, तर ह्यांचा हत्ती कायमचा जमिनीवरच राहील, याची इंदुताईंना रुखरुख.

"आजी, कंप्युटरवर पाच मिनिटांत उडवते की," नात स्वरूपा म्हणाली.

"उडेल गं. पण ह्यांच्या हत्तीसारखा लाजेल का?"

मुलगा सुजित पहिली शिफ्ट करून आलेला. "आई, तुझा हत्ती ओव्हरटाइम देणार ना?" म्हणत त्यानं परातीवर दिवा धरला. स्वरूपानं मोबाइल लावला.

जप आटोपून इंदुताई स्टुलावर चढल्या. दोरे दोनच, एक पाठीला, एक कानांना. हत्तीशी वाकून त्या पुटपुटल्या, "नीट उडालास तर उद्या घोरवडेश्वराच्या डोंगरावर नेईन. खरा वारा दाखवीन."

हत्ती उडाला. कापसातून डुलत गेला, चंद्रापुढे गिरकी घेतली आणि सोंड उचलून त्यानं झकास सलाम ठोकला. स्वरूपानं टाळ्या पिटल्या.

"आजी, सोंड काय हलवलीस गं!"

इंदुताईंनी हातातले दोरे पाहिले.

"सोंडेला दोरा नव्हता, बाळा."

"वाऱ्यानं हलली असेल," सुजित म्हणाला. पण कापूस उडू नये म्हणून पंखा बंद होता, खिडक्याही लावलेल्या.

तिघांनी मोबाइलवर पुन्हा पाहिलं.

सलाम कॅमेऱ्याला नव्हता. हत्ती मान वळवून स्टुलाकडे बघत होता.

"भारी आलंय," स्वरूपा हळूच म्हणाली. "असंच ठेवू."

सकाळी पूजा उरकून इंदुताईंनी हत्ती जुन्या पातळात गुंडाळला आणि कुणालाही न उठवता जिना उतरल्या. रिक्षात बोचकं मांडीवर घेतलं.

"घोरवडेश्वराच्या पायथ्याला घ्या, दादा."

वळणावर बोचकं घसरू नये म्हणून त्यांनी पातळात हात घातला. रस्ता ओलांडताना लहान मूल धरतं तसं, आतून कुणीतरी त्यांचं बोट धरलं.

त्यांनी सोडवून घेतलं नाही.