डाव्या चाकाचे आठ किलो

“आठ किलोंची चोरी झाली आहे, आणि चोर हा समोर उभा आहे!” शेफालीने गोरख मिस्त्रीकडे बोट रोखले.

उत्रोलीच्या माळावरील पत्र्याच्या शेडमध्ये तिचे दोन आसनांचे विमान तीन वजनकाट्यांवर विराजमान होते. प्रत्येक चाकाखाली एक काटा. शोधक संजीवनी कंक आणि त्यांचे सोबती कुंडलिक नुकतेच तेथे येऊन पोहोचले होते.

गतवर्षीच्या कागदानुसार उजव्या व डाव्या चाकावर प्रत्येकी एकशे एकतीस किलो भार होता. आज उजवीकडे तेवढाच भरला; डावीकडे मात्र एकशे तेवीस. दुपारी तपासनीस येणार होते, आणि आठ दिवस विमान दुरुस्तीसाठी गोरखच्या ताब्यात होते.

“इंधनाच्या टाक्या?” संजीवनीबाईंनी विचारले.

“दोन्ही कोरड्या,” शेफाली म्हणाली.

गोरख पुढे आला. “बाई, म्या साधा स्क्रूबी घरी न्हेला न्हाई. आज चोर ठरलो तर भोरात कोण मला गाडीला हात लावू दील?”

“हे काटे कोणाचे?” संजीवनीबाईंनी विचारले.

“दोन भाताच्या व्यापाऱ्याचे. डावा आमच्या डेअरीचा,” भाटघरचा सोमनाथ छाती काढून म्हणाला. “सकाळचं दूध घेतलं, कॅन उतरवला, अन् काटा चालूच टेम्पोत घातला. थेंबाचा फरक यायचा न्हाई!”

विमान खाली ढकलण्यात आले. कुंडलिक फडके घेऊन सरसावले.

“बाई, ह्या डाव्या काट्यावर गोल वण हाय, जात न्हाई. अन् काचंवर आठाच्या आधी आडवी रेघ. ती बी पुसंना!”

“मग डोळे पुसा!” शेफाली वैतागली.

संजीवनीबाई मात्र प्रसन्न हसल्या. “डावा काटा उजवीकडे ठेवा, उजवा डावीकडे.”

विमान पुन्हा चढवले. आता डावीकडे एकशे एकतीस. उजवीकडे एकशे तेवीस!

“चोरानं बाजू बदलली का काय?” कुंडलिक चकित झाले.

“चोर काट्यातच आहे, कुंडलिकभाऊ. विमान उतरवा. सोमनाथ, टेम्पोतला रिकामा कॅन आणा.”

कॅन त्या गोल वणावर तंतोतंत बसला. काचेवर शून्य उमटले.

“डेअरीत रिकामा कॅन ठेवून शून्याचे बटण दाबतात, म्हणजे पुढे केवळ दुधाचे वजन दिसते. काटा बंद न झाल्याने कॅनचे ते आठ किलो तो वजा करीतच राहिला. आठाआधीची रेघ घाण नव्हे. ते वजाचे चिन्ह होते. भाग चोरीस गेला असता, तर तूट विमानाच्या डाव्या बाजूलाच राहिली असती. ती तर काट्याबरोबर उजवीकडे गेली.”

सोमनाथने जीभ चावली. “रोजची सवय, बाई. ध्यानातच आलं न्हाई.”

कॅन काढून, बटण दाबून पुनश्च वजन केले. दोन्हीकडे एकशे एकतीस.

शेफालीने मान खाली घातली. “गोरखदादा, माझं चुकलं. तपासनिसांच्या कागदावर आकडे तुम्हीच लिहा. खाली मिस्त्री म्हणून तुमचंच नाव.”

गोरखने हात पुसून पेन घेतले. “लिवतो. पर ताई, आधी तो कॅन टेम्पोत ठिवा. न्हाईतर तपासनीसच आठ किलोनं कमी भरायचा!”