कडुबाची फांदी

"मोडी वाचता येतं का हो तुम्हाला?"

संस्कृतीनं भिंगावरून नजर वर केली. जुन्या कागदांच्या त्या कचेरीत, दारातच एक उंच पोरगा उभा. शेंद्र्याच्या कारखान्याचा निळा शर्ट, हातात झेरॉक्सचा गठ्ठा, अन् चेहरा असा अवघडलेला, की तिला हसूच आलं.

"येतं. पण फुकट नाही वाचत."

"मग?"

"चहा. आल्याचा."

झालं! त्या एका चहाचे बघता बघता सात शनिवार झाले. शिवमला धाकट्या बहिणीसाठी कुणबी दाखला काढायचा होता. त्यासाठी खापरपणजोबा फकिराची नोंद हवी होती. संस्कृतीचं शोधणं निराळं. तिचा मूळपुरुष कडुबा फुलंब्रीला घरजावई आला, सासऱ्याचं गाडेकर आडनाव लावून राहिला. पण आला कुठून? गारखेड्यातल्या तिच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यासाठी पोरगी मोडी शिकली, बघा!

"वंशावळीत लेकींची नावं का लिहीत नाहीत रे?" तिनं एकदा बशीतला शेवटचा घोट घेत विचारलं.

"नाय लिहीत खरं... पण तुझं मी लिहिणार."

"तुमच्या वंशावळीत? मी कोण लागते तिथं?"

"लागशील की," तो पुटपुटला अन् कानापर्यंत लाल झाला. तिनं बशी ओठाला लावली ती उगाच, चहा तर केव्हाच संपला होता.

आठव्या शनिवारी फकिरा सापडला. "फकिरा, कुणबी, राहणार शेंद्रा..." ती आनंदानं वाचत सुटली. अन् पुढच्या ओळीवर भिंग थांबलं.

थोरला भाऊ कडुबा, फुलंब्रीस गाडेकरांचे घरी घरजावई.

"पुढं काय गं?" शिवम वाकून बघत होता.

ती ओळ फक्त तिलाच वाचता येत होती. गिळून टाकली असती तर कुणाला कळणार होतं? पण त्यानं किती विश्वासानं कागद पुढं केला होता! जन्मभर त्याच्या शेजारी बसून ही ओळ एकटीनं सांभाळायची? तिनं वाचलं. एकेक अक्षर करत, शेवटपर्यंत वाचलं.

"परत वाच ना... चुकलं असंल."

तिनं तीनदा वाचलं.

"म्हणजे भाऊकी निघाली आपली," तो हळूच म्हणाला. "भाऊकीत सोयरीक होत नाय. घरचे..."

"घरच्यांचं राहू दे, शिवम. मलाच नाही जमायचं..." अन् ती तिथंच, सगळ्या कागदांसमोर हमसून हमसून रडली.

पंधरा दिवसांनी तो वंशावळ तपासून घ्यायला आला. दाखल्याला फकिराची एक फांदी पुरली असती. त्यानं कडुबाचीही काढली होती. तिनं सांगितलेल्या साऱ्या पिढ्या उतरत उतरत तिच्या बाबांपर्यंत आल्या होत्या. अन् त्यांच्याखाली, अख्ख्या कागदावर एकुलतं एक लेकीचं नाव... संस्कृती.

"लिहिणार म्हणलो होतो ना," तो खाली बघतच म्हणाला.

"व्हय," ती त्याच्याच बोलीत म्हणाली. "कुठं चुकलं नाही रे."

त्या दिवशी चहाला कुणीच थांबलं नाही.