मोजा

"तुमचा स्टेथोस्कोप जरा लांब आहे, नाही?"

तिने मान वर केली. सोनोग्राफीच्या खोलीच्या दारात निळ्या कपड्यांतला एक तरुण उभा होता आणि तिच्या गळ्याकडे बघत हसू दाबत होता. तिचा हात गळ्याशी गेला. अगं बाई! मापाची टेप गळ्यातच राहिली होती. तशीच ती दोन रस्ते ओलांडून, भर गर्दीतून दवाखान्यात आली होती.

"मी कटर आहे," ती पुटपुटली. मग घाईघाईने, "म्हणजे... टेलरच्या दुकानात. कापड कापते."

"बरं झालं सांगितलंत. इथे नुसतं 'कटर' म्हटलं की लोक पळतात."

एरवी ती हसली असती. आज जीव थाऱ्यावर नव्हता. चार वर्षं ती डावा पाय लांब कपड्यांखाली लपवत आली होती. दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभी राहायची, आणि संध्याकाळी पाय शिशासारखा जड. पोटरीवर निळ्या, गाठाळ शिरा. काल दुकानाचे मालक काका म्हणाले होते, "पोरी, आता टेबल सोड. बसून काजं-बटणं कर." मायेने म्हणाले, म्हणूनच जास्त लागलं. कोऱ्या कापडावर खडूची पहिली रेघ ओढताना तिला जे वाटायचं, ते काजं करताना कसं वाटणार?

त्याने तिला उभं केलं, पोटरीला गार जेल लावलं. पायाकडे तो बघतच नव्हता, त्याचे डोळे पडद्यावर होते. तिला तेवढंच बरं वाटलं. त्याने पोटरी हलकेच दाबून सोडली. यंत्रातून आधी 'खुस्स' असा आवाज आला, मग लांबलचक 'सूंऽऽ'.

"हे काय?"

"रक्त वर गेलं आणि खाली परत आलं. शिरेत झडपा असतात, त्या रक्ताला मागे फिरू देत नाहीत. तुमच्या सैल झाल्यात."

"म्हणजे चेन बिघडलीय. वर चढते, पण टिकत नाही."

त्याने पहिल्यांदा पडदा सोडून तिच्याकडे पाहिलं. "हे मी पुढच्या पेशंटला सांगितलं तर चालेल?"

"माझी शीर ओढून काढणार का? आईची काढली होती. दीड महिना खाटेवर होती ती."

"छे! टाचणीएवढ्या छिद्रातून बारीक तार आत घालायची आणि लेझरने शीर आतून शेकायची. ती मिटते. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांमधून जातं. तुम्ही त्याच दिवशी चालत घरी."

"उसवायचं नाही. आतूनच टीप मारायची."

"तुम्ही इथेच नोकरीला या बघू."

जाताना त्याने तिच्या पायाची मापं घेतली, नंतर घालायच्या घट्ट मोज्यासाठी. तिचीच टेप मागून घेतली.

"अहो, इंचाची बाजू धरलीत. तुमच्या तक्त्यात सेंटिमीटर आहेत."

त्याचे कान लाल झाले.

ठरलेल्या दिवशी ती ऑपरेशनच्या टेबलावर पडून होती, डोळ्यांवर रंगीत चष्मा लावून. पाय बधिर करताना बारीक टोचलं, तेवढंच. पायाशी डॉक्टरबाई आणि सोनोग्राफीचं यंत्र धरलेला तो. लेझरचं यंत्र गुणगुणत होतं. मुख्य धक्का अजून यायचाय, या विचाराने तिने मुठी आवळल्या होत्या. तेवढ्यात डॉक्टरबाई मोठ्याने म्हणाल्या, "मोजा!"

आली वेळ. भूल देताना आकडे मोजायला लावतात, हे तिने ऐकलं होतं. तिने डोळे गच्च मिटले. "एक... दोन... तीन..."

यंत्राची गुणगुणही थांबली.

"...दहा... अकरा... अहो, मला अजून झोप कशी येत नाही?"

"कारण सगळं संपलंय," मास्कमागून त्याचा आवाज थरथरत होता, हसण्याने. "बाई मोजा मागताहेत. पायात घालायचा."

ती इतकं हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते नुसत्या हसण्याचं नव्हतं, हे बहुतेक त्याला कळलं असावं. त्याने कापसाचा बोळा पुढे केला.

आठवड्याने तपासणी. त्याने पोटरी दाबून सोडली. ती कान देऊन वाट बघत राहिली.

"आवाज नाही आला," ती घाबरून म्हणाली.

"हीच तर चांगली बातमी!"

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं: रोज अर्धा तास चालणे, कामावर उभं राहायला हरकत नाही. फाइल बंद झाली. तो मात्र "काळजी घ्या" एवढंच म्हणाला आणि यंत्र पुसत बसला. टेबल परत मिळालं होतं... तरी परतीच्या वाटेवर काहीतरी राहून गेल्यासारखं का वाटत होतं? तिने दोनदा गळा चाचपला. टेप तर आज आणलीच नव्हती.

चार दिवसांनी ती खडूने रेघ ओढत असताना टेबलावर कापड येऊन पडलं.

"शर्ट शिवायचाय," तो म्हणाला. "किती वेळ उभ्या आहात?"

"सकाळपासून. पाय हलका आहे अगदी." तिने टेप त्याच्या छातीभोवती घेतली. "बेचाळीस? अहो, श्वास सोडा. शर्ट ढगळ होईल."

"सोडला तर शब्दही बाहेर पडतील."

"पडू देत."

त्याने श्वास सोडला. टेप चांगली दोन इंच सैल पडली. "तुमची फाइल बंद झाली. आता तुम्ही आमच्या पेशंट नाही, म्हणून बोलतोय. रोज अर्धा तास चालायचंय तुम्हाला. पण... एकटीनेच चालायचं, असं कागदावर कुठे लिहिलेलं नाही."

ती वहीत माप लिहीत राहिली. पलीकडे काकांची कात्री थांबली. ते उगाचच कापडाची घडी पुन्हा घालू लागले.

"काही बोलत नाही तुम्ही..." तो कासावीस झाला.

"आवाज आला नाही, तर चांगली बातमी असते ना?"

तो बघतच राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"दुकान सात वाजता बंद होतं," ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "बाहेर बाकावर बसा. वेळ जात नसेल तर..."

"तर?"

"मोजा."