न जळणारी पानं

"झुंबर गळतंय गो मृणाली. जरा येऊन जा," दत्ताकाका फोनवर म्हणाले.

नळ गळतो, कौलं गळतात. झुंबर गळल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तेही भर वैशाखात! मनातल्या मनात हसतच मी शिडी गाडीत टाकली आणि भाट्याचा पूल ओलांडून त्यांच्याकडे गेले.

रत्नागिरीत बाई वेल्डिंग करते म्हटलं की लोक आधी हसतात, मग पाहुण्यांना दाखवायला घेऊन येतात. दत्ताकाकांच्या बायको, उमाकाकू, मात्र हसल्या नव्हत्या. त्यांचा एकुलता एक शौनक जहाजावर नोकरीला होता. भर समुद्रात तो डेकवरून नाहीसा झाला, देहही मिळाला नाही. अशा माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा रचतात आणि त्यालाच अग्नी देतात. गुरुजींनी पानं मांडली, तेव्हा काकूंनी ती पदरात गोळा केली आणि तडक माझ्या वर्कशॉपमध्ये आल्या.

"माझा शौनक येणार आहे. ही पितळेची कर. जळणार नाहीत अशी कर."

आईपुढे काय बोलणार? मी एकेका पानाचा साचा घेतला, लोखंडाच्या फांद्या वाकवल्या आणि त्यांच्या माजघरात ते झाड झुंबरासारखं उलटं टांगलं. इतकं देखणं काम माझ्या हातून पुन्हा झालेलं नाही.

त्या दुपारी माजघरात शिरले तर खारट, कुबट वास आला. भरतीचं पाणी होडीच्या तळाशी साचून राहिलं की येतो तसा. काकू झुंबराखाली चटईवर झोपल्या होत्या. मी शिडीवर चढले. वरचा स्लॅब कोरडा ठणठणीत होता आणि पानांच्या टोकांतून मात्र थेंब टपकत होते. एक पान पुसलं. ते पुन्हा ओलं झालं. बोट जिभेला लावलं... खारं पाणी.

"तो बोलतो," खालून काका हळूच म्हणाले. "उमेला वाटतं, पोर घरी आलं. मला म्हणतो... बाबा, मला मोकळं करा."

मी भुताखेतांना मानणारी नाही. पण काकांचा चेहरा बघून मी विचारलं, "मग काय करायचं?"

"तुझ्याकडे भट्टी आहे ना? एक पान वितळवून बघ. जमलं तर सगळी वितळवू. त्याला सोडवायला हवं गो."

काकू झोपेत असतानाच मी एक पान काढलं.

वर्कशॉपमध्ये ते मुशीत ठेवलं आणि भट्टी पेटवली. काका समोर स्टुलावर हात जोडून बसले. पान लाल झालं, मग पिवळंधमक झालं. एव्हाना पितळेचं पाणी व्हायला हवं होतं, पण त्याची एक शीरसुद्धा वाकली नाही. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"अहो... काय करताय तुम्ही? शौनक ओरडतोय... आई, भाजतंय म्हणतोय..."

माझा हात भट्टीच्या बटणाकडे गेला. काकांनी तो धरला.

"चिता अर्ध्यावर सोडत नाहीत, मृणाली..."

आणि मग फोनमधून तो आवाज आला. मी शौनकला लहानपणापासून ओळखत होते. काकांनी माझा हात सोडला आणि स्वतःच भट्टी बंद केली. मग तिथेच खाली बसून तो म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. त्यांच्याजवळ बसण्यापलीकडे मला काही करता येईना.

काकूंनी हट्टच धरला म्हणून पान परत जागेवर लावलं. पक्कडीत धरूनच लावावं लागलं. आता पाऊस संपून थंडी आली तरी ते निवलेलं नाही. काकू शिडीवर बसून त्यावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतात, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवाव्यात तशा. घडी टेकली की चर्र आवाज होतो आणि कापड कडकडीत सुकतं.

काल काकांचा फोन आला होता.

"गो... शेजारची पानंही तापायला लागलीत."